आपल्यातलंच कुणीतरी

सासवडच्या सोनाराने टाक डाव्या तळहातावर घेतला, अंगठ्याने एकदा चाचपला, दिव्याखाली तिरका धरला आणि विचारलं, "भाऊ, ह्याच्यावर काय काढायचं?" मला प्रश्नच कळला नाही. आहे तेच काढा, मी म्हणालो. "पण आहे काय?" तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता, खरोखरच अडला होता. देवघरातले पाच टाक मी त्याच्याकडे उजळायला नेले होते. त्यातला जो अगदीच झिजलाय तो मोडून, त्याच चांदीत थोडी भर घालून नवा करून आण, असं आईने सांगितलं होतं. चार टाक त्याने पटापट ओळखले. घोड्यावरचा खंडोबा, म्हाळसा, भवानी, भैरोबा. पाचवा मात्र तो नुसताच फिरवत राहिला. "बाई होती का बुवा? जोडी होती का एकटा? खाली घोडं होतं का? सांगाल तसं ठोकून देतो. पण ह्याच्यावरनं काय कळंना."

मी तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "पितरांचा हाय तो. आपल्यातलंच कुणीतरी." कुणीतरी म्हणजे कोण? पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "तुझ्या काकांना म्हाईत होतं."

काका २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले.

चार टाक तिथे ठेवले आणि पाचवा कागदात गुंडाळून, शर्टाच्या खिशात घालून परत घेऊन आलो. एसटीत खिडकीशी जागा मिळाली तेव्हा बाहेर काढून पाहिला. दोन बोटांत मावेल एवढा चांदीचा पत्रा, मागून तांब्याचा, एका कोपऱ्यात सुटत आलेला. मधोमध एक फुगवटा, ते धड असावं. त्याच्या वर लहानसा दुसरा, ते डोकं. खाली दोन-तीन बारीक रेघा. घोड्याचे पाय म्हणावेत तर तसे, लुगड्याच्या निऱ्या म्हणाव्यात तर तशाही. लहानपणी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देव घासायचं काम आम्हा चुलत भावंडांकडे असायचं. ओसरीवर पोतं अंथरून, चिंचेचा कोळ, चुलीतली चाळलेली राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसायचो. काका समोर ताम्हन धरून बसत. खंडोबाला आम्ही खसाखसा घासला तरी काही बोलायचे नाहीत, पण ह्या टाकाची पाळी आली की म्हणायचे, "हळू. माणूस हाय त्यो." कोण माणूस, हे आम्ही कुणीच कधी विचारलं नाही. आम्हाला लवकर उरकून खेळायला पळायचं असायचं. आणि हळू घासूनसुद्धा तो गेलाच की. त्याचं नाक, डोळे, कपाळ, असेल तर मिशी, असेल तर नथ, आमच्याच बोटांनी, त्याच्याआधी काकांच्या आणि आज्याच्या बोटांनी, दर वर्षी थोडं थोडं करत पुसून टाकलं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बासष्टाव्या वर्षीही माळावरच्या विहिरीपर्यंतची चढण न थांबता चढत. घरातल्या पाचही जणांना एकाच आठवड्यात कोविडची लागण झाली. काकूला पंधरा वर्षांची शुगर, सगळ्यांना तिचीच धास्ती. तिला दोन दिवस कणकण आली, तोंडाची चव गेली, संपलं. चुलतभाऊ आणि वहिनी सर्दीवर निभावले, नातवाला काहीच झालं नाही. काकांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर पाचव्या दिवशी ८४ आकडा दिसला. नवव्या दिवशी व्हेंटिलेटर. त्याच्या आदल्या संध्याकाळी नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला होता. मास्कमधून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "कांदा काढला का?" मी हो म्हणालो. "झाकून ठेवा. आभाळ येतंय." हेच आमचं शेवटचं बोलणं. त्या क्षणी देवघरातला टाक कुणाचा, हे विचारायचं सुचण्याचं कारणच नव्हतं. तरीही सोनाराच्या दुकानातून निघाल्यापासून मला तोच कॉल पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

त्यांनाच का? तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण हे विचारायचा. काकू अजून विचारते.

त्या प्रश्नाचं एक उत्तर, खरं तर पाव उत्तर, मला त्याच पावसाळ्यात वाचनात सापडलं, आणि तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही. ३० सप्टेंबर २०२० रोजी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो ह्या दोघा संशोधकांचा निबंध 'नेचर' ह्या विज्ञानपत्रिकेत आला होता. आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे पन्नास हजार अक्षरांचा एक तुकडा आहे. तो ज्यांच्या अंगात असतो त्यांना कोविड झाला तर श्वास अडकण्याची जोखीम सुमारे १.६ पट होते, असं आकडे सांगत होते. हा तुकडा कुठून आला म्हणून त्यांनी शोधलं, तर तो क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सापडलेल्या, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या एका निअँडरथल, म्हणजे आपल्यासारख्याच पण वेगळ्या, आता नाहीशा झालेल्या मानवजातीतल्या बाईच्या हाडातल्या तुकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत आहे, चीन-जपानकडे आणि आफ्रिकेत जवळपास नाहीच. आणि आपल्याकडे, दक्षिण आशियात, जवळजवळ निम्म्या लोकांत. बांगलादेशात तर ६३ टक्के. निम्म्या लोकांत! मी ती ओळ तीनदा वाचली. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या तुकड्यातलं एक जनुकही दाखवून दिलं. फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी विषाणू आला की स्वतःला कशा बदलून घेतात, हे त्याच्यावर अवलंबून असतं.

एका दुपारी काकू सुपात तांदूळ निवडत बसली होती तेव्हा तिला हे सांगितलं. सांगायला नको होतं की काय, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. म्हटलं, लई जुन्या काळी आपल्यासारखीच पण आपली नव्हेत अशी माणसं होती, आपल्या वाडवडिलांची त्यांच्याशी सोयरीक झाली, आणि त्यांच्याकडून आलेला एक तुकडा अजून काहींच्या अंगात आहे. तो असला की हा आजार जड जातो. काकूचा हात सुपातच थांबला.

"म्हंजे वाडवडिलांनीच नेलं म्हणायचं?"

मी घाईघाईने नाही म्हणालो. काकांच्या अंगात तो तुकडा होता की नाही हे कुणी तपासलेलं नव्हतं, आणि आता ते कळण्याचा मार्गही उरलेला नाही. असला तरी तो निकाल देत नाही, फक्त पारडं जरा झुकवतो. तो अंगात घेऊन कोट्यवधी लोक खोकून-शिंकून बरे झालेत. शिवाय बाराव्या गुणसूत्रावर दुसरा एक तुकडा आहे, तोही निअँडरथलांकडूनच आलेला, आणि तो असला तर आजार गंभीर होण्याची शक्यता वीसेक टक्क्यांनी कमी होते. हेही तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खडा बाजूला टाकला. तेराव्याला आलेली माणसं देवाची करणी म्हणून गेली होती, त्यापेक्षा मी वेगळं काय केलं, असं तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. झेबर्गने नंतर दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा तोच घातकी तुकडा ज्यांच्यात असतो त्यांना एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी कमी असते. शेवटच्या हिमयुगानंतर ह्या तुकड्याचं प्रमाण वाढत गेलंय, तेव्हा त्याने कधीतरी कशापासून तरी माणसांना वाचवलं असलं पाहिजे. एचआयव्हीपासून नव्हे, तो तर कालपरवाचा. देवी किंवा पटकीसारख्या जुन्या रोगापासून वाचवलं असावं, असा कयास आहे. आमच्या गावाच्या शिवेवर मरीआईचं देऊळ आहे. आज्याच्या आईच्या वेळी पटकीत अर्धी आळी गेली, असं घरात सांगतात. त्या साथीतून आमचं घर का उरलं, ह्याचंही कारण त्याच तुकड्यात असलं तर? ह्या विचाराने बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण काका गेल्यापासून मनात जो एक राग होता, कुणावर धरायचा हे न कळणारा, तो त्या दिवसानंतर जरा निवला.

मराठीत आपण अशांना नामशेष म्हणतो. निअँडरथल नामशेष झाले, त्यांचे भाऊबंद डेनिसोव्हन नामशेष झाले. शब्द फोडून पाहिला की कसंसंच होतं. नाम-शेष, ज्याचं फक्त नाव उरलं तो. इथे तर सगळं उफराटं आहे. त्यांची स्वतःची नावं, ते एकमेकांना काय हाका मारत ते, त्यांच्या नदीचं, त्यांच्या डोंगराचं नाव, ह्यातलं एक अक्षरही उरलेलं नाही. उरलं ते आपल्या अंगात. निअँडरथल हे नावसुद्धा भाड्याचं. जर्मनीतल्या एका दरीत १८५६ साली चुन्याच्या खाणीवरच्या मजुरांनी गुहा साफ करताना काही हाडं बाहेर फेकली. अस्वलाची असतील असं वाटून ती योहान कार्ल फुलरोट नावाच्या शाळामास्तरांना दाखवली, आणि त्यांनी ओळखलं की ही माणसाची आहेत, पण आपल्यासारख्या माणसाची नव्हेत. दरीचं नाव तिथे फिरायला येणाऱ्या एका धर्मकवीच्या नेआंडर ह्या आडनावावरून पडलेलं, आणि त्याचं मूळ घराणं नॉयमान, म्हणजे नवा माणूस. त्यांना आपण दिलेलं नाव असं फिरून फिरून नव्या माणसावर येऊन थांबतं.

डेनिसोव्हनांची हकीकत तर मला जास्तच लागते, कारण त्यांची सुरुवात बिनचेहऱ्यानेच झाली. सैबेरियात अल्ताई डोंगरात डेनिसोव्हा नावाची गुहा आहे. तिथे २००८ साली एका लहान मुलीच्या करंगळीच्या टोकाचं हाड मिळालं. नखाएवढं. गुहेत बारा महिने फ्रिजसारखा गारठा असल्याने त्यात डीएनए टिकून होता. तो २०१० मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या प्रयोगशाळेत वाचला तेव्हा कळलं की ही मुलगी आपल्यातली नाही आणि निअँडरथलही नाही. एक आख्खी मानवजात सापडली, आणि दाखवायला होतं काय, तर करंगळीचं टोक आणि एक दाढ. ते उंच होते की बुटके, कपाळ कसं होतं, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पापुआ न्यू गिनीतल्या माणसांच्या अंगात तीन ते पाच टक्के त्यांचंच आहे. तिबेटी माणसाला विरळ हवेत सुखाने राहू देणारं जनुकही त्यांच्याकडूनच आलं. मुलगी कोण ते कळायच्या आधी तिच्या भाऊबंदांचे नातू कुठे कुठे नांदताहेत, ते कळलं.

त्याच गुहेतल्या हाडांच्या दोन हजारांवर बारीक तुकड्यांतून एक अडीच सेंटिमीटरचा तुकडा माणसाचा निघाला, आणि २०१८ मध्ये त्याचा निकाल आला. सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची, किमान तेरा वर्षांची मुलगी. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. संशोधक तिला डेनी म्हणतात. हे मी रात्री वाचलं आणि झोप लागेना, कारण मी तिची नाती लावत बसलो. तिचा मामा एका मानवजातीचा आणि काका दुसऱ्या. मावशीचं कपाळ एका घडणीचं, आत्याचं दुसऱ्या. तिच्या आईचं नातं त्याच गुहेतल्या आधीच्या निअँडरथलांशी कमी आणि पार युरोपातल्यांशी जास्त जुळतं, म्हणजे तिचं आजोळ लांबून चालत आलेलं. बापाच्या घराण्यातही शेकडो पिढ्यांमागे एक निअँडरथल सोयरीक होऊन गेलेली. ह्या सोयरिकी राजीखुशीच्या होत्या की नव्हत्या, हे हाड सांगत नाही, आणि त्या विचारापाशी मला दर वेळी थांबावं लागतं. एवढंच दिसतं की पोर तेरा वर्षांची होईपर्यंत तिला कुणीतरी खाऊ घातलं, थंडीत कुशीत घेतलं.

आजोबांमागे आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. परसात तांब्या-पितळेची सगळी भांडी मांडली होती. घंगाळ थोरल्या काकांना, हंडा आम्हाला, तपेलं धाकट्यांना, परात आत्याला. तेव्हापासून ती भांडी कधी एकत्र आली तर घरच्या लग्नात, एकेका घरून मागवून आणलेली. प्रत्येकाच्या बुडाशी नाव घातलेलं असल्याने परत करताना तंटा होत नाही. आपल्या अंगातलं निअँडरथल असंच वाटणीला गेलेलं आहे. आफ्रिकेबाहेरच्या कुणाही माणसात ते एक ते दोन टक्केच सापडतं, पण माझे दोन टक्के आणि शेजाऱ्याचे दोन टक्के एकच नव्हेत. माझ्याकडे घंगाळ, त्याच्याकडे परात. भारतातल्या २,७६२ लोकांच्या जनुकसंचांचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांचे तुकडे एकत्र मांडले तर निम्मा निअँडरथल जनुकसंच उभा राहतो, आणि डेनिसोव्हनांचा पाचवा हिस्सा. निअँडरथलांचे एवढ्या विविध तऱ्हेचे तुकडे जगात इतरत्र कुठे मिळाले नाहीत. काही भांडी मात्र कुणीच नेली नाहीत. आपल्या गुणसूत्रांवर लांबच लांब पट्टे असे आहेत की तिथे कुणाच्याही अंगात त्यांचं काही नाही, त्यात बोलण्याशी संबंधित एक जनुकही येतं. त्यांचं आपल्यात चाललं नाही ते पिढ्यानपिढ्या गळत गेलं. ही सोयरीक घडली ती साधारण ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वी, आपले लोक आफ्रिकेतून बाहेर पडून पश्चिम आशियातून पुढे सरकत होते त्या काळात. म्हणजे सतराशे-अठराशे पिढ्या झाल्या. भारतात आपण आज जे कोणी आहोत, त्यांच्या रक्तातला बहुतेक ऐवज त्याच एका मोठ्या स्थलांतरातून आलेला आहे. मग गोत्र कोणतंही सांगा आणि शहाण्णव कुळांपैकी कोणतंही कूळ सांगा.

ह्या लोकांची हाडं, आणि हाडांतला डीएनए, आपल्याकडे का मिळत नाही, असं मला वाटायचं. ऊन हे त्याचं एक मोठं कारण. डीएनएला गारठा लागतो. हरियाणातल्या राखीगढीला डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठावर नमुने तपासले, तेव्हा कुठे एका बाईच्या हाडातून कामापुरतं काही मिळालं, आणि ती तर अवघ्या साडेचार हजार वर्षांपूर्वीची. आपल्या आधीच्या माणसांचं म्हणून तर आपल्या हातात मुख्यतः नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना सापडलेला अर्ध्या कवटीचा भाग, आणि बाकी दगड. दगड मात्र भरपूर. सोमवतीला आम्ही देवघरातले टाक जेजुरीला भेटीला नेतो. पालखीबरोबर कऱ्हेवर जातो, देवांना अंघोळ घालतो, वाळूत पाय भाजत उभे राहतो. तीच कऱ्हा खाली मोरगावला जाते. तिथे तिच्या काठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेजवळ दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राख नेमकी किती जुनी ह्यावरून संशोधकांत वाद आहे, पण तशी हत्यारं घडवणारे आपल्या आधीचे, हे नक्की. अशा हातकुऱ्हाडी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात काचेआड पाहिल्या तेव्हा मी किती तरी वेळ त्यांची कड न्याहाळत उभा होतो. दोन्ही बाजूंनी छिलके काढत काढत आणलेली बदामी घडण, आणि मागे मुठीत बसेल अशी गोलाई. कुणीतरी कऱ्हेच्या पात्रातून चांगला दगड निवडून, उन्हात बसून, वाकून हे केलं. ज्या पाण्यात आम्ही आमच्या पितराचा टाक बुडवतो, त्याच पाण्यात हात धुतले असतील.

हे वाचत गेल्यापासून टाकाकडे बघायची माझी नजर बदलली. दहा पिढ्या मागे गेलं की हजाराच्या वर पूर्वज होतात, आणि डीएनए मोठ्या तुकड्यांनी पुढे सरकत असल्यामुळे त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं आपल्या अंगात काहीच उरलेलं नसतं. ते नसते तर आपण नसतो, पण त्यांचं म्हणून आपल्यात काही नाही. टाकावरचं माणूस त्यांतलं असू शकतं. शिवाय टाक पुष्कळदा अकाली गेलेल्याचा, लग्नाआधीच गेलेल्याचा करतात. तसं असेल तर त्याचा वंशच नाही. मग त्याचं जगात जे काही होतं ते ह्या एवढ्याशा चांदीवर होतं, आणि ते आम्ही घासून घालवलं. आणि ज्यांच्यासाठी कुणी टाक केला नाही, पाणी सोडलं नाही, अशी ती विंदिया गुहेतल्या बाईची जातकुळी मात्र निम्म्या भारताच्या अंगात आहे. कोण जवळचं आणि कोण लांबचं, ह्याचा हिशेब मला त्या एसटीत काही केल्या लागेना.

चीनमधल्या हार्बिनची एक हकीकत सांगतात. १९३३ साली नदीवर पूल बांधताना एका मजुराला एक भलीमोठी कवटी सापडली. जपानी अंमल होता, म्हणून त्याने ती गुपचूप एका पडक्या विहिरीत दडवली आणि जन्मभर कुणाला सांगितलं नाही. मरायच्या थोडं आधी त्याने घरच्यांना सांगितलं, आणि २०१८ मध्ये त्यांनी ती बाहेर काढून विद्यापीठाला दिली. किमान १ लाख ४६ हजार वर्षांपूर्वीची, भुवयांचं हाड जाडजूड, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या आणि चौकोनी. २०२५ मध्ये तिच्या दातावरच्या किटणातून डीएनए काढला, तर तो डेनिसोव्हन. करंगळीच्या टोकापासून सुरू झालेल्या माणसांना असा चेहरा मिळाला. मला त्यातलं विज्ञान आवडलंच, पण डोळ्यांसमोर राहिला तो म्हातारा. त्याने वेळेवर सांगितलं. त्याला सांगायला वेळ मिळाला.

चार टाक आणायला परत गेलो तेव्हा पाचवाही बरोबर नेला. सोनाराला म्हटलं, मोडू नका, फक्त मागचा पत्रा बसवून द्या. त्याने बागेसरीत निखारा फुलवला, फुंकणीने झाळ धरली, कोपरा दाबला, रिठ्याच्या पाण्यातून काढून मऊ कपड्याने टिपला. पुढून हात लावला नाही. पैसे विचारले तर म्हणाला, "ह्याचं काय घ्यायचं."

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी काकू आली. आईने ताम्हनात विड्याची पाच पानं मांडली होती. मी टाक काकूच्या हातात दिला आणि विचारलं. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पदराने पुसला. "त्यांनी एकदा सांगितलं व्हतं. बाई हाय म्हणून." मग थांबली. "का बाईनं करून घातला होता म्हणाले? दोनातलं एक काय तरी. तवा मी ध्यान दिलं न्हाई रं." तिचा आवाज तिथे जरा बसला. आई म्हणाली, असू दे, आण इकडं.

माझी मुलगी सहावीत आहे. आईच्या हातात जायच्या आत तिने टाक मधूनच घेतला आणि समईपाशी नेऊन, सोनाराने धरला होता तसाच तिरका धरला. खालच्या रेघांवरून बोट न लावता, वरच्यावर हवेतच बोट फिरवत म्हणाली, "बाबा, हे पाय नाहीत. ह्या निऱ्या आहेत. मोज, सारख्या अंतरावर आहेत."

मी वाकून पाहिलं. मला अजून घोड्याचेच पाय दिसत होते.